ध्येय आधी की नोकरी आधी?

प्रश्न : मी पस्तीस वर्षांची, बँकेत नोकरी करते. शिकवावंसं फार वाटतं. पण आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या अनुताई वाघांसारखी माणसं आयुष्याचं ध्येय घेऊनच जन्माला येतात ना? आता या वयात ते कुठून आणायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अनुताईंचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. बालपणीच लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, त्यामागे आधी स्वतःच्या पायावर उभं राहण्याची गरज होती. पुण्यात हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर त्या बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डी गावी गेल्या, तेव्हा त्यांचं वय होतं पस्तीस. तुमच्याएवढंच! ताराबाईंनीही राजकोटचं प्राचार्यपद सोडूनच भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाची वाट धरली होती.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. कशी येणार? कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. धाकट्यांसाठी पाळणाघर काढलं. १९५७ पासून काम जवळच्या कोसबादला हललं; तिथे गुरं चरतात तिथेच भरणारी कुरणशाळाही चालली. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, पानं, शिंपले, खडे यांवर मुलं मोजायला शिकली. मला वाटतं, अनुताईंना त्यांचं ध्येय या अडचणींनीच दिलं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्या कोसबादच्या कामातच राहिल्या.

तेव्हा ‘माझं ध्येय कोणतं’ हे बँकेत बसून ठरवू नका, आणि राजीनाम्याचीही घाई नको. (गृहकर्जाचे हप्ते असतील तर मुळीच नको.) रविवारी एखाद्या वस्तीतल्या अभ्यासिकेत जा. वजाबाकीत हातचा न समजणारं एखादं मूल घ्या आणि ते का अडतं ते शोधा. चार-सहा महिन्यांनीही सोमवारी काउंटरवर बसल्यावर त्याच मुलाचा विचार डोक्यात घोळत असेल, तर पुढच्या कागदपत्रांना लागा. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एड. (आताचं डी.एल.एड.), सहावी ते आठवीला डी.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हीकडे शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) लागेल. बालवाडीला टीईटी लागत नाही. पगार मात्र बँकेच्या जवळपासही नसतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.