कपाटातील चादरी-पांघरुणे : थोड्या पैशांत नेटकी व्यवस्था



पुनरुत्थानाच्या सकाळी पेत्र आणि दुसरा शिष्य धावत कबरेपाशी गेले, तेव्हा त्यांना काय दिसले ते संत योहान बारकाईने सांगतो (योहान २०:६-७). तागाची वस्त्रे तिथे पडलेली होती. डोक्याला गुंडाळलेला रुमाल मात्र त्यांच्याबरोबर नव्हता, तो वेगळा गुंडाळून एका बाजूला ठेवलेला होता. चौथ्या शतकातील संत योहान ख्रिसोस्तोम यांनी आपल्या प्रवचनात यावर बोट ठेवले आहे. प्रेत चोरणारा माणूस आधी वस्त्रे उतरवत आणि मग रुमाल गुंडाळत बसणार नाही, असे ते म्हणतात. (या रुमालाविषयी 'यजमान जेवणावरून उठताना रुमालाची घडी घालतो, म्हणजे तो परत येणार' अशी एक गोष्ट मोबाइलवर फिरत असते. ऐकायला गोड आहे, पण तिला आधार नाही. ती मुलांना शिकवू नये.)

शुभवर्तमानकाराला कपड्यांच्या घडीची नोंद घ्यावीशी वाटली, तर आपणही एका रविवारी घरातल्या चादरी-पांघरुणांबद्दल बोलायला हरकत नाही. दिवाळीची साफसफाई घरोघर सुरू होईल, तेव्हा वेळही योग्य आहे.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई फार आजारी होत्या. रात्री प्रकृती ढासळली आणि फादर तैलाभ्यंगासाठी निघाले असा निरोप आला. पलंगावरची चादर बदलायला हवी होती. कपाट उघडले तर जुने टॉवेल, उसवलेल्या उशा, फाटके पडदे, मुलांचे लहान झालेले कपडे सगळे अंगावर कोसळले. धड चादर एकही हाती लागेना. शेवटी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. तिच्यात माझ्या लग्नात आलेली चादर होती, कधीही न वापरलेली. तिच्या घडीवर पिवळे पट्टे पडले होते आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा असा उग्र वास येत होता की सासूबाईंना ठसका लागला. तीच चादर आम्ही अंथरली. फादर काही बोलले नाहीत, सासूबाईही नाहीत. पण मला ती रात्र विसरता येत नाही. घरात कपड्यांना तोटा नव्हता, पण वेळेला एकही कामाला आला नाही.

तेव्हा सुरुवात कपाट रिकामे करण्यापासून करावी. पेटी, दिवाणाखालचा कप्पा, माळ्यावरची गाठोडी, सगळे एकाच दिवशी अंगणात आणा. हळूहळू करू म्हटले की ते होत नाही, आणि एकाच प्रकारची वस्तू चार ठिकाणी पडली आहे हे कधी कळतही नाही. पावसाळा संपल्यावरचे ऑक्टोबरचे कडक ऊन या कामाला सर्वांत चांगले. गाद्या आणि गोधड्या दोन्ही बाजूंनी तापवा.

मग मोजा. माझा हिशोब असा आहे : झोपायच्या प्रत्येक जागेला दोन चादरी, एक अंथरलेली आणि एक धुतलेली. समजा पाच माणसांचे घर आहे, एक मोठा पलंग आणि खाली तीन अंथरुणे. म्हणजे चार जागा, आठ चादरी. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, शिवाय पाहुणे येतात, म्हणून आणखी दोन धरा. झाल्या दहा. उशांचे अभ्रे बारा पुरतात. पांघरुणे माणशी एक आणि पाहुण्यांसाठी दोन. टॉवेल किंवा पंचे माणशी दोन. याहून जास्त असेल तर ते गरजेपेक्षा जास्त आहे, आणि कमी असेल तर काय घ्यायचे ते आता नेमके कळले.

ज्यांना घ्यायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. महिन्याला शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर वर्षाचे बाराशे होतात. तीन महिन्यांतून एकदा डबा उघडून एकच पण चांगली वस्तू घ्या. दारावर हप्त्याने चादरी विकायला येतात त्यांच्याकडून घेताना सांभाळा. पुष्कळदा सुती म्हणून मिश्र धाग्याचे कापड गळ्यात पडते. ओळखायला सोपे आहे : कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटाने चुरडेल अशी मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी होते. उन्हाळ्यात आपल्याकडे पॉलिस्टरवर झोपून पाहा, मग कळेल मी का आग्रह धरते ते. पांघरायला सोलापुरी चादर अजूनही टिकाऊ. तिला भौगोलिक मानांकनही आहे. खादी घ्यायची तर शेजारी नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, जिथे राष्ट्रध्वज तयार होतात. गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट मिळते, तेव्हा घ्यावी. गादी बसली म्हणून नवी आणू नका. आतला कापूस चांगला असेल तर पिंजून घेतला की गादी पुन्हा फुगते, आणि खर्च नव्या गादीच्या मानाने थोडाच येतो.

पण सर्वांत स्वस्त चादर म्हणजे घरातलीच विरलेली चादर. चादर नेहमी मधोमध विरते, कडा घट्ट राहतात. आपल्या आज्या लुगडे मध्ये विरले की तो भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडत आणि नेसत. त्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. चादरीलाही तेच करा. चादर लांबीच्या बाजूने मधोमध कापा. दोन्ही तुकड्यांच्या बाहेरच्या, म्हणजे घट्ट कडा एकमेकींना जोडून मध्ये आणा आणि शिवण सपाट दाबून घ्या, नाहीतर अंगाला टोचते. विरलेला भाग आता दोन्ही कडांना गेला. तिथे थोडे कापून दुमडून शिवा. रुंदी थोडी कमी होते, पण चादर आणखी दोन-तीन वर्षे सहज जाते. त्याहून जीर्ण झाली तर तिचे अभ्रे होतात, मग पुसणी होतात.

जुन्या साड्यांची वाकळ तर आपल्याकडे घरोघर होती. आता मुलींना धावदोरा घालता येत नाही अशी आपण तक्रार करतो, पण शिकवायला बसतो का? आपल्याच जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते, आणि ते शिंपी घराण्यातले होते. सुई-दोऱ्याच्या कामाला या मातीत तरी कोणी हलके समजू नये. प्रेषितांच्या कृत्यांत (९:३६-४२) यापो गावची टबीथा मरण पावते, तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे. तिने काय उपदेश केला होता, हे लिहिलेले नाही. एक सावधगिरी मात्र प्रभूनेच सांगितली आहे : जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नका (मत्तय ९:१६). कोरे कापड धुतल्यावर आटते आणि जुन्याला फाडते. ठिगळाचे कापड आधी धुऊन घ्यावे, हे शिवणारी प्रत्येक बाई जाणते. प्रभूने दाखला घरातूनच उचलला.

आता डागांविषयी, कारण आपल्या भागात हळदीवाचून घर नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद निघते, शिजते, वाळते, तेव्हा अंगणापासून अंथरुणापर्यंत सगळे पिवळे होते. पिवळ्या डागाला साबण लावला की तो एकदम लाल होतो. घाबरू नका, कापड बिघडलेले नाही. हळदीतला रंग साबणाच्या खारेपणाने लाल दिसतो. स्वच्छ पाण्याने धुऊन ओलेच कापड कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन उन्हांत फिका पडतो. पांढऱ्या कपड्याला हाच उपाय, उगाच तीव्र औषधे ओतून धागा जाळू नका.

ठेवताना पहिला नियम, कापड पूर्ण वाळलेले असावे. हाताला कोरडे लागले तरी शिवणीत आणि काठात ओल राहते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. जास्त दिवस ठेवायच्या कपड्याला कांजी करू नये, कारण कांजी खायला कसर येते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा जुन्या सुती साडीत बांधलेले गाठोडे बरे. पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा, कपाट भिंतीला चिकटवू नका, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्हींपासून राखण होते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पातळ कापडात बांधून मधे ठेवावा आणि दरवर्षी बदलावा.

डांबराच्या गोळ्यांबद्दल थोडे गंभीरपणे सांगायचे आहे. बाळंतिणीच्या घरी जुनी दुपटी, लंगोट, झबली पेटीतून काढून तशीच बाळाला घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. काही बाळांच्या रक्तात जन्मापासून जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते आणि ते वरून कळत नाही. अशा बाळाला या गोळ्यांच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. म्हणून बाळाच्या कपड्यांत ही गोळी कधीच ठेवू नये. ठेवली गेली असेल तर कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात घालून मगच वापरावेत. शिवाय लहान मुले ती गोळी खाऊ समजून तोंडात घालतात.

रचण्याची रीत ज्याची त्याला. मी एका पलंगाची चादर आणि अभ्रे घडी करून त्यांतल्याच एका अभ्र्यात घालते. मग एक हात घातला की पूर्ण जोड हाती येतो. मोठ्या चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला आहे, लहान चादरीला निळा, म्हणजे घडी न उलगडता ओळखता येते. धुतलेली चादर थप्पीच्या खाली ठेवायची आणि वापरायला वरची काढायची. तसे न केल्यास वरच्याच दोन चादरी रोज झिजतात आणि खालच्या पडून पिवळ्या होतात, जशी माझी लग्नातली चादर झाली.

देवळातही असाच क्रम पाळला जातो. वेदीवर किमान एक पांढरे वस्त्र असतेच. मिस्सेत प्याला आणि थाळी ज्या चौकोनी वस्त्रावर ठेवतात, ते तीन-तीन पदरी घडी घालून नऊ चौकोनांत मिटतात, म्हणजे ख्रिस्तशरीराचा कण असल्यास तो आतच राहतो. त्याचे पहिले पाणी गटारात न जाता मातीत मुरवतात. आपल्या भगिनी हे काम गाजावाजा न करता करतात. घरातल्या तरुण मुलींनी आणि मुलांनीही एकदा त्यांच्याबरोबर बसून ते पाहावे.

उरले ते जास्तीचे. अंगणात मोजणी झाल्यावर बाजूला निघालेली चांगली पांघरुणे पुन्हा माळ्यावर जाऊ नयेत. संत बासिल यांनी श्रीमंतांना खडसावले होते की तुझ्या पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे. आपण श्रीमंत नाही, पण माळा आपल्यालाही आहे. आपण बहुधा नाताळात कपडे वाटतो. मला वाटते, ते उशिरा होते. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. डिसेंबरच्या थंडीत त्यांची मुले फडाजवळच्या कोपीत झोपलेली असतात. आपल्या नाताळच्या वाटपाला ती गावात नसतातच. पांघरूण द्यायचे तर त्यांचे बिऱ्हाड गाडीत चढण्याआधी द्यावे. ११ नोव्हेंबरला संत मार्टिन यांचा सण येतो. त्यांनी थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला. 'चॅपेल' हा शब्दही त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. देताना धुऊन, उसवलेले शिवून द्या. भोक पडलेली गोधडी दान म्हणून देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे होय.

आता त्या पांढऱ्या जोडाविषयी. आमच्या घरी आता एक पांढरी सुती चादर, एक अभ्रा आणि लहान मेजावर घालायचे एक पांढरे वस्त्र वेगळे ठेवलेले असते. सोबत दोन मेणबत्त्या, काडेपेटी आणि लहान क्रूस. आजाऱ्याला ख्रिस्तशरीर द्यायला किंवा तैलाभ्यंगाला फादर आले की हाच जोड निघतो. हे कापड महाग नाही. घरात कोणाच्या स्नानसंस्काराचे पांढरे वस्त्र असेल तर तेही याच गाठोड्यात ठेवावे. आगमनकाळाआधी आणि उपवासकाळाआधी, असा वर्षातून दोनदा हा जोड बाहेर काढून धुवावा, उन्हात वाळवावा आणि घडी दुसऱ्या जागी मोडून ठेवावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. गोळी नको, पाला पुरे. आम्ही तो कपाटाच्या मधल्या खणात उजव्या हाताला ठेवतो. वीज गेली असली तरी धाकट्या मुलालाही तो चाचपडून सापडतो. आम्ही एकदा दिवे बंद करून त्याच्याकडून ते करून घेतले आहे.