सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही : कारणाचा शोध कसा घ्यावा?



दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अकोला-अमरावतीकडील बांधव मोठ्या संख्येने नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघतात. कोणी रेल्वेने जातात, कोणी एस.टी.ने, तर काही कुटुंबे आपल्या जुन्या गाडीने. अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केला. चहापाण्यासाठी येथे गाड्या थांबतात.

समजा, अशीच एक प्रीमियर पद्मिनी येथे थांबली. अर्ध्या तासाने सर्वजण गाडीत बसले. चावी फिरवली, सेल्फ जोरात फिरला, परंतु इंजिन काही सुरू होईना. चार माणसे जमली. एकाने प्लग बदला म्हटले, दुसऱ्याने कॉइल गेली म्हटले, तिसऱ्याने ॲक्सिलेटर दाबत राहा असे सांगितले. चौथ्याने विचारले, "निघताना लिंबू-मिरची बांधली होती काय?"

या चौघांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्यापैकी कोणीही बॉनेट उघडून पाहिलेले नाही. प्रस्तुत पाठाचा विषय हाच आहे. सेल्फ फिरत असताना गाडी सुरू का होत नाही, हे अंदाजाने न ठरवता क्रमाने तपासून कसे ठरवावे, ते आपण पाहू.

विचाराची दिशा

पूज्य बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते कारण मनुष्याच्या कृतीत किंवा निसर्गनियमात सापडते, हा बुद्धाचा विचार त्यात त्यांनी विस्ताराने मांडला आहे. केसपुत्त गावच्या कालामांनाही तथागतांनी हेच सांगितले की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या. आपण हा उपदेश विहारात ऐकतो. तो गाडीच्या बॉनेटखाली वापरून पाहण्यास काहीच हरकत नाही.

इंजिन सुरू होण्यास काय लागते?

पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात : (१) योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, (२) प्लगवर जोरदार ठिणगी, (३) सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, आणि (४) या तिन्ही गोष्टी योग्य क्षणी घडणे, म्हणजे टायमिंग. यांपैकी एक जरी नसेल तरी इंजिन सुरू होत नाही. उरलेल्या तीन कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग नसतो. प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. अनेक कारणे एकत्र आली म्हणजे कार्य घडते. एक कारण काढले की कार्य थांबते. म्हणून आपले काम एवढेच आहे की चारपैकी कोणती गोष्ट हजर नाही, ते शोधणे.

आधी सुरक्षितता

गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. हँडब्रेक ओढावा व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. जवळ विडी-सिगारेट नसावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. तसे न केल्यास बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि एका बिघाडाचे दोन होतात. ठिणगीची तपासणी आणि पेट्रोलची तपासणी कधीही एकाच वेळी करू नये. पेट्रोलचा पाइप उघडा असताना कॉइलची बारीक वायर काढलेली असावी. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बंद असताना चावी बराच वेळ ‘ऑन’ राहिली तर कॉइल तापून जळते, हेही लक्षात ठेवावे.

पहिली पायरी : विचारणे, ऐकणे व वास घेणे

वैद्य आधी रोग्याला विचारतो, तसे चालकाला विचारावे. गाडी चालताना दिवा विझावा तशी एकदम बंद पडली असेल तर बहुधा विजेचा दोष असतो. झटके देत, दम तोडत बंद पडली असेल तर बहुधा पेट्रोलचा. पाऊस झाला होता काय? नुकतेच कोणी काम केले होते काय? हात लागलेली जागा सर्वप्रथम पाहावी.

सेल्फचा आवाज ऐकावा. तो मंद, रडत फिरत असेल तर बॅटरी व तिचे टर्मिनल पाहावेत. सेल्फ सगळा करंट ओढून घेतो आणि ठिणगीला काही उरत नाही. तो नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरत असेल तर कॉम्प्रेशन मिळत नाही. टायमिंग चेन तुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी सेल्फ मारत राहू नये.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ‘ओव्हर’ झालेले असू शकते. चोक पूर्ण उघडा करावा, ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा, पंपासारखा वरखाली करू नये, आणि सेल्फ मारावा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

दुसरी पायरी : ठिणगी आहे काय?

डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या मधोमध कॉइलकडून येणारी जाड वायर असते. ती काढून, रबरी मुठीच्या पकडीत धरून, तिचे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून पाव इंचावर ठेवावे व दुसऱ्यास सेल्फ मारण्यास सांगावे. निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सर्व ठीक आहे. मग प्लगवर ठिणगी पाहावी. तेथे नसेल तर दोष रोटर, कॅप किंवा प्लगच्या वायरींत आहे. पावसाळ्यात कॅपच्या आतील ओल कोरड्या फडक्याने पुसून टाकल्यावर अनेक गाड्या सुरू होतात.

कॉइलच्या वायरीवरच ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्प घ्यावा. बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी, एवढेच हे साधन. त्याचे एक टोक बॉडीला अर्थ करावे. चावी ‘ऑन’ करून दुसरे टोक कॉइलच्या चावीकडील टर्मिनलला लावावे. बल्ब लागला नाही तर चावी, वायर किंवा जोडणी पाहावी.

बल्ब लागला तर टोक डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला लावून सेल्फ मारावा. आता तीन शक्यता आहेत :

(अ) बल्ब लुकलुकतो : पॉइंट उघडझाप करीत आहेत. दोष कॉइलमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये.

(ब) बल्ब सतत लागलेला राहतो : पॉइंट मिळतच नाहीत. त्यांवर काजळी किंवा तेल आहे, अथवा डिस्ट्रिब्युटर फिरतच नाही.

(क) बल्ब लागतच नाही : पॉइंट उघडतच नाहीत, किंवा आतील वायर बॉडीला लागली आहे, किंवा कॉइल आतून तुटली आहे. पॉइंटमध्ये कागदाचा कपटा सरकवला आणि बल्ब लागला, तर दोष पॉइंटचाच.

कॅप काढून सेल्फ मारताना रोटर फिरतो की नाही हेही पाहावे. फिरत नसेल तर टायमिंग चेन किंवा डिस्ट्रिब्युटरची फिरकी गेली आहे. ते काम रस्त्यावरचे नव्हे.

तिसरी पायरी : पेट्रोल पोहोचते काय?

ठिणगी उत्तम असेल तरच पेट्रोलकडे वळावे. काट्यावर विश्वास ठेवू नये. जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो. टाकीचे झाकण उघडताना ‘सूं’ असा हवेचा आवाज आला तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. पंपापर्यंत पेट्रोल न येण्यास एवढे कारणही पुरते.

नंतर कॉइलची बारीक वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून तो बाटलीत धरावा व सेल्फ मारावा. ठोक्याठोक्याने पेट्रोल आले तर पंप चांगला आहे. मग कार्बोरेटरची निडल अडकली आहे किंवा जेटमध्ये कचरा आहे. पेट्रोल आले नाही तर फिल्टर, रबरी पाइप आणि पंपाचा पडदा पाहावा. पद्मिनीचा हा पंप इंजिनवरच बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘एसी पंप’ म्हणतात.

येथे दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली, वऱ्हाडातील उन्हाळा. इंजिन बंद केल्यावर आतील उष्णता पंपात व पाइपात शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर ओले फडके ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबल्यास गाडी बहुधा सुरू होते. दुसरी, आजचे पेट्रोल. २०२२ मध्ये आपल्या देशात पेट्रोलात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या गाड्यांचे रबर या इंधनासाठी बनलेले नव्हते. पडदे व पाइप फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये आणि रबरी भाग नव्या इंधनाला चालणारेच घालावेत.

चौथी पायरी : दाब आणि टायमिंग

ठिणगी आहे, पेट्रोलही आहे, तरी गाडी सुरू होत नाही, तेव्हा प्लगच्या वायरी आपल्या जागी आहेत काय ते पाहावे. पद्मिनीचा क्रम १-३-४-२ असा आहे. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला होऊन तो सरकला काय, तेही पाहावे. त्यानंतर प्लग काढून भोकावर अंगठा धरावा. सेल्फ मारताना अंगठा जोराने ढकलला गेला पाहिजे. तसे झाले नाही तर व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा हेड गॅस्केटचे काम निघते.

डिझेल जीपला प्लगची ठिणगी नसते. तिच्या बाबतीत डिझेलच्या पाइपात हवा शिरली काय, हे सर्वप्रथम पाहावे.

पुन्हा मोझरीच्या गाडीकडे

आता आपली पद्मिनी या क्रमाने तपासू. पेट्रोलचा वास येत होता. परंतु विचारल्यावर कळले की तिसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून ॲक्सिलेटर वीस वेळा दाबला गेला होता. म्हणजे ते लक्षण मूळ रोगाचे नव्हते, उपचाराचे होते. ठिणगी पाहिली, नव्हती. चावीकडील टर्मिनलवर बल्ब लागला. डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलवर लागलाच नाही. पॉइंटमध्ये कागद सरकवताच लागला. कॅप काढून पाहता रोटर फिरत होता, पण पॉइंटची टाच झिजल्यामुळे ते उघडत नव्हते. पॉइंट पूर्ण उघडले असताना त्यांत सुमारे ०.४५ मिलिमीटर अंतर लागते. फीलर गेज नव्हते. जाड लग्नपत्रिकेचा पुठ्ठा वापरून अंतर लावले, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पॉइंट साफ केले आणि गाडी सुरू झाली. नव्या भागाचा खर्च शून्य. नागपूरहून परतल्यावर नवे पॉइंट घालून गेजने अंतर लावणे मात्र आवश्यक.

अंदाजाने गेले असते तर प्लग, कॉइल आणि पंप, असे तीन चांगले भाग बदलले गेले असते आणि गाडी तेथेच उभी राहिली असती. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशा गाडीचा चांगला जुना भाग फेकून दिला तर तसा पुन्हा मिळेलच असे नाही.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तंत्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते आणि आपल्या मुलांनी हे शिक्षण घ्यावे यासाठी ते आग्रही होते. आपली अनेक मुले आज आय.टी.आय.मध्ये शिकतात, गॅरेजमध्ये काम करतात. त्यांना सांगणे एवढेच की ग्राहकाला गाडीतले काही कळत नसते; तो तुमच्या शब्दावर पैसे देतो. न तपासता बदललेल्या भागाचे पैसे घेणे ही सम्यक आजीविका नव्हे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा आणि तो का काढला हे त्याला सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर तो काढू नये.

घरी टेस्ट लॅम्प तयार करा. चालू असलेल्या गाडीवर वरील तपासण्या एकदा करून पाहा, म्हणजे बिघडलेल्या गाडीवर हात थरथरणार नाही. आणि पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा :

१. सेल्फ नेहमीपेक्षा भरभर फिरतो, याचा अर्थ काय?
२. डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलवर बल्ब लुकलुकतो, पण ठिणगी नाही. दोष कोठे शोधाल?
३. पेट्रोलचा वास येणे हे नेहमीच पेट्रोलच्या दोषाचे लक्षण असते काय? मोझरीच्या उदाहरणावरून सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!