अतिविचार आणि विवेक

विचार करण्याची शक्ती हे मनुष्यजन्माचे मोठे वैभव होय. तथापि ज्या विस्तवावर भात शिजतो, त्याच विस्तवावर तो वेळेत न उतरविल्यास करपतो. विचाराचेही तसेच आहे. दिवसभराची कामे उरकून अंथरुणाला पाठ टेकली की, ‘तो असे का बोलला?’, ‘मी तसे वागलो नसतो तर?’, ‘उद्या काही विपरीत घडले तर?’ अशी प्रश्नांची रांग मनासमोर उभी राहते. एखाद्या आप्ताने मोबाइलवरील संदेश वाचूनही उत्तर दिले नाही, लग्नघरी कोणी मान वळविली, परगावी असलेल्या मुलाचा फोन येण्यास तासभर उशीर झाला, एवढे निमित्त मनाला पुरते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही आपली म्हण अशाच अनुभवातून जन्मली असावी.

येथे प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विवेक आणि अतिविचार ही दोन्ही मनाचीच कार्ये असली, तरी त्यांची गती वेगळी आहे. विवेक वाटसरूसारखा असतो. तो कोठे तरी पोहोचतो. अतिविचार घाण्याच्या बैलासारखा असतो; दिवसभर चालूनही तो जागच्या जागीच राहतो, आणि त्याच्या घाण्यातून तेलाचा थेंबही निघत नाही. म्हणून मनाला विचारावे : ‘गेल्या अर्ध्या घटकेत मला नवे काही कळले काय? करण्याजोगे एखादे कृत्य सुचले काय?’ दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर तो विचार नसून विचाराचा आभास आहे, असे समजावे.

ह्या आभासाची किंमत केवळ झोपेनेच भरावी लागते असे नाही. समजा, एखाद्या घरी वृद्ध आईला मोतीबिंदू झाला आहे आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. ‘मधुमेह आहे, जखम भरेल ना?’, ‘ह्या वयात सोसेल काय?’, ‘दुसरा डॉक्टर अधिक चांगला असेल तर?’ हे सारे प्रश्न रास्त आहेत. परंतु ते डॉक्टरांना विचारण्याऐवजी घरातली माणसे एकमेकांनाच विचारीत राहतात. उन्हाळा झाला की पावसाळा, पावसाळा झाला की दिवाळी, अशी दोन वर्षे जातात. तोवर मोतीबिंदू कठीण होतो व शस्त्रक्रियाही अधिक अवघड होते. आई मात्र उंबरठ्याला अडखळते, देवापुढची वात चाचपडत लावते. घरातील प्रत्येकाने तिच्याविषयी मायेने आणि पुष्कळ विचार केला. तिला त्यातून मिळाले काय, तर अंधार. काळजी करणे म्हणजे काळजी घेणे नव्हे, हे अशा वेळी कळते.

आपल्या पूर्वजांना ह्या दुखण्याची चांगली ओळख होती. श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात बसतो. सहाव्या अध्यायात तोच अर्जुन, मन आवरणे हे वारा आवरण्याइतके कठीण असल्याची तक्रार करतो. भगवंत ती तक्रार खोटी ठरवीत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अठराव्या अध्यायात तर, सर्व गोष्टींचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर, असे ते त्याला सांगतात. म्हणजे विचाराला मनाई नाही. मात्र त्याची समाप्ती कृतीत व्हावी, अशी अपेक्षा आहे. श्रीसमर्थांनीही आपल्या 205 मनाच्या श्लोकांत मनाला शत्रू न मानता सज्जन म्हणून हाक घातली आहे. मनाशी भांडून ते आवरत नाही, त्याला समजावावे लागते, हेच ह्यातून दिसते.

आधुनिक मानसशास्त्राचा अनुभवही ह्याहून फारसा निराळा नाही. अमेरिकेतील सुसान नोलेन-होक्सेमा ह्या विदुषीने 1991 सालापासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, खिन्न असता जे आपल्या खिन्नतेचेच पुनःपुन्हा चर्वण करतात, त्यांची खिन्नता अधिक काळ टिकते. 1983 साली थॉमस बोर्कोवेक व त्यांचे सहकारी ह्यांनी एक साधा उपाय तपासला. चिंतेसाठी रोज अर्धा तास, ठराविक वेळी व ठराविक जागी राखून ठेवावा. एरवी चिंता आली की तिला त्या वेळेवर ढकलावे. असे करणाऱ्यांच्या चिंतेचा भार हलका झाल्याचे त्यांना आढळले. नित्यनेमाची सवय असलेल्या आपल्या घरांना हा उपाय परका वाटण्याचे कारण नाही.

नित्याच्या व्यवहारात पुढील गोष्टी आचरता येतील. मनात घोळणारी बाब कागदावर लिहावी आणि तिचे दोन भाग करावे : आपल्या हातचे व हाताबाहेरचे. हातचे असेल त्यातील लहानसे काम त्याच दिवशी करावे. मोठ्या निर्णयास तिथी ठरवावी आणि त्या तिथीस तो घ्यावा. दुसऱ्याच्या मनात काय आहे ह्याचा तर्क बांधीत बसण्यापेक्षा त्याला सरळ विचारावे. स्थळ पाहणे असो वा घर घेणे असो, सर्वोत्तमाच्या मागे न धावता आपल्या गरजा आधी ठरवून, त्या पुरविणारे मिळाल्यावर थांबावे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक 1978 साली मिळालेले हर्बर्ट सायमन ह्यांनी, मनुष्याची माहिती व वेळ मर्यादित असल्यामुळे तो प्रत्यक्षात असेच ‘पुरेसे चांगले’ निवडतो, असे 1956 सालीच मांडले होते. रात्री विचारांनी घेरले तर अंधारात त्यांच्याशी झुंजू नये. नामस्मरण करावे किंवा श्वासाकडे लक्ष द्यावे. मन पुन्हा भटकले तर पुन्हा आणावे. हे वारंवार आणणे म्हणजेच अभ्यास.

एक सूचना मात्र अवश्य ध्यानात ठेवावी. झोप व अन्नावरील वासना आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कामात चित्त लागत नसेल, तर तो केवळ स्वभावदोष न मानता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा माणसास ‘फार विचार करू नकोस’ एवढे सांगून घरच्यांनी मोकळे होऊ नये. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे.

वाचक बंधुभगिनींनी आज सायंकाळी दिवेलागणीनंतर घटकाभर बसून, अनेक दिवस केवळ मनातच फिरत राहिलेली एखादी गोष्ट शोधावी आणि तिच्यासंबंधीचे पहिले पाऊल उद्याच टाकावे. कोणाची राहिलेली भेट असेल, कोणाची क्षमा मागावयाची असेल, कोणाच्या डोळ्यांवरील उपचार असेल. एवढे झाले तरी अभ्यासास उत्तम आरंभ झाला, असे म्हणता येईल.