ते दोन हजार कुणाच्या खात्यावरून आले?

तात्यापारा, रायपूर

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला. तू कुठल्याशा ऑनलाइन कॅसिनोची ‘आयडी’ घेतलीस, दोन हजार जिंकलास आणि ते दहा मिनिटांत जमा झाले, एवढं तिला कळलंय. किती घातलेस ते तिलाही ठाऊक नाही, आणि मी आत्ता विचारत नाही. मला एवढंच सांग, ते दोन हजार ज्या खात्यावरून आले त्यावर नाव कुणाचं होतं? कंपनीचं, की कुणा अनोळखी माणसाचं? फोन उघडून आधी ते बघ.

त्यांच्याकडे लायसन्स आहे, असं तू ताईला समजावलंस म्हणे. असेलही. अशा कितीतरी साइटींच्या तळाशी कुरासावचं नाव असतं. ते कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथे वर्षानुवर्षं मोजक्या मूळ परवानेधारकांनी पोटपरवाने वाटले, आणि ही रीत मोडायला तिथल्या सरकारला डिसेंबर 2024 मध्ये नवा कायदा आणावा लागला. पण परवाना बघायचा तो पैसे अडकल्यावर कुणाच्या दारात उभं राहता येईल यासाठी. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींना तिथल्या सरकारचा परवाना असतो, 1976 च्या जुगारविरोधी कायद्यात पुढे दुरुस्ती करून दिलेला. तिथेही माणूस हरतोच, पण पैसे देणारी खिडकी बोटीवरच असते नि सरकार समोर पणजीत. पुण्यातल्या तुझ्या फोनला तो परवाना लागू नाही. उलट 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे व्यवहार करून देणं, तिन्ही गुन्ह्यात धरलं. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, असं तू म्हणशील. बरोबर आहे. पण जो धंदाच बेकायदा, त्याच्याकडे अडकलेल्या पैशांसाठी तू कुठल्या कचेरीत अर्ज देणार?

आता या साइटी देतात त्या बोनसचं. तू गणितात कच्चा नाहीस, म्हणून हे तुझ्यावरच सोडायला हवं होतं, पण राहवत नाही. समज, पाच हजार भरले, वर पाच हजार बोनस, आणि अट अशी की बोनसच्या तीसपट खेळल्याशिवाय काही काढता येणार नाही. म्हणजे दीड लाखाचे डाव. ज्या स्लॉटमध्ये शंभरातले शहाण्णव परत येतात, तिथे दीड लाखावर सरासरी सहा हजार जातात. पाच हजारांच्या भेटीसाठी सहा हजार! अट भरलेली रक्कम आणि बोनस मिळून तीसपट असेल, तर बारा हजार. एखाद्याला लॉटरीसारखं जास्त मिळतंही. पण मग कमाल डावाची मर्यादा, बाद ठरवलेले खेळ अशी कलमं वर येतात. आणि पैसे घेताना ज्यांना नुसता यूपीआय चालला, त्यांना देताना आधार, पॅन, सेल्फी सगळं लागतं. ‘विड्रॉल सोडवायला आधी कर भरा’ असा निरोप आला तर एक रुपयाही देऊ नकोस. जिंकलेल्या रकमेवरचा तीस टक्के कर कापून घेतात, आगाऊ मागत नाहीत.

‘पण मला तर लगेच मिळाले’, हा तुझा सगळ्यात मोठा पुरावा, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. तू रायपूरचा मुलगा. महादेव बुक या सट्ट्याच्या ॲपचं प्रकरण तुला मी काय सांगणार? ईडीच्या म्हणण्याप्रमाणे दुबईकडून सूत्रं हलत, खाली ‘पॅनल’, म्हणजे शाखा, वाटलेल्या, नफा सत्तर-तीस, आणि पैशांची ये-जा दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतून. खेळांची रचनाच अशी, की पॅनलवाला एकंदरीत बुडत नाही. 5 नोव्हेंबर 2023 ला महादेवसह 22 ॲप आणि साइट बंद करण्याचे आदेश केंद्राने काढले. अशा भाड्याच्या खात्यातून तुझ्याकडे आले असतील, तर ते दोन हजार कुणा तिसऱ्याच्या फसवणुकीतले असू शकतात. त्याने तक्रार केली, की पोलीस पैशांचा माग काढत येतात आणि वाटेतली खाती गोठतात. तुझं ते पगाराचं खातं आहे, निनाद. खोलीचं भाडं त्यातूनच जातं, ताईला पाठवतोस तेही. म्हणून पुन्हा विचारतो, नाव कुणाचं होतं?

नाव अनोळखी असेल तर खेळणं आजच थांबव, त्या खात्याचे तपशील आणि संदेश पुसू नकोस, पैसे फसवून घेतलेत असं दिसलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लाव. जास्त रागावलो असेन. पैशाच्या बाबतीत तुझ्या वयात मी घरापासून काय काय लपवलं, ते तू आजीकडून ऐकलेलं आहेस. इथे उगाळत नाही. तेव्हा कुणी मला नुसता आकडा विचारला असता आणि ओरडलं नसतं, तर किती बरं झालं असतं, असं अजून वाटतं. आणि मी मात्र तुला चार परिच्छेद ओरडलो.

किती गेले ते मला एकट्याला कळव. ताईला मी सांगणार नाही. दहा हजार असोत की लाख, बसून बघू. आझाद हिंद एक्सप्रेसचं तिकीट मी काढतो, चार दिवस रजा मिळते का बघ. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल, हल्ली मला झोप उशिराच लागते.

तुझा,
मामा