नदीकांठ ढासळतो केव्हां?

नदीकांठच्या गांवीं जमीन वाहून गेली कीं तिचा सारा दोष पुराच्या लोंढ्यावर टाकून आपण मोकळे होतों. परंतु कृष्णेच्या व पंचगंगेच्या कांठीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं नीट आठवून पाहावें. कांठाचा मोठा तुकडा पुष्कळदां पाणी चढतांना पडत नाहीं; पाणी उतरूं लागल्यावर पडतो. पूर ओसरला म्हणून घरोघर निःश्वास टाकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं चार-सहा फूट रुंदीची पट्टी उभ्या उसासकट नदींत बसते. हें कां घडतें तें समजून घेतल्यावांचून कांठ राखण्यास लागणें म्हणजे रोग न ओळखतां काढा पाजणें होय.

कृष्णेचे कांठ पुष्कळ ठिकाणीं उंच व उभे आहेत. वर गाळाची काळी माती आणि खालीं कोठें कोठें रेतीचे थर, अशी त्यांची घडण असते. पूर कांठाशीं आठ-दहा दिवस उभा राहिला कीं माती पाणी पिऊन जड होते. नदी भरलेली असेपर्यंत तिचें पाणीच कांठाला बाहेरून टेका देत असतें. तें झपाट्यानें उतरलें म्हणजे टेका निघतो, पण मातीच्या पोटांत मुरलेलें पाणी तितक्या लवकर निघत नाहीं. तें पाझरत बाहेर येतें, येतांना रेती घेऊन येतें, आणि वरची जड भिंत खचते. त्यांत धारेनें पायथा आधींच पोखरलेला असेल तर विचारावयासच नको. 2019 च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी 57 फुटांच्या वर गेलें. तेथें धोक्याची पातळी 45 फूट धरलेली आहे. इतकें पाणी इतके दिवस अंगांत मुरलेला कांठ पूर उतरतांना कसा तग धरील, याचा विचार वाचकांनींच करावा.

येथें महसुलाची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मीं त्या खात्यांत कारकुनी केली, व पुरानंतरच्या पंचनाम्यांचे कागद हाताखालून गेले. जमीन नदींत गेली तर आकार कमी करून मिळण्याची सोय 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत होती. तिचा आधार लोकांस फार वाटे. पण कमी होतो तो आकार. जमीन परत येत नाहीं. समोरच्या कांठास गाळ बसून मळी तयार होते, तीही आपल्या हातीं लागत नाहीं. सूट मिळविण्यासाठीं कचेरीच्या जितक्या खेपा होतात तितके दिवस कांठाच्या कामास दिले तर अधिक पदरांत पडेल, असें माझें मत आहे.

कामाचा आरंभ पायथ्यापासून करावा. वरच्या कडेवर कितीही दगड रचले तरी खालून पाया गेला म्हणजे ते ओझेंच होतात. धार जेथें आदळते त्या वळणावर पायथ्याशीं तारेच्या जाळींत दगड भरून बसवावे, व त्यांच्या पाठीमागें खडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी निथळतें आणि माती जागेवर राहते. खडी न घालतां नुसते दगड लावले तर त्यांच्या फटींतून माती निसटते व थोड्या दिवसांत ते पोकळ उभे राहतात. दगडकामाचीं दोन्ही टोकें कांठाच्या पोटांत खोल शिरवावीं. वाई व मेणवली येथील पेशवाईंतील घाट ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस पायऱ्यापायऱ्यांनीं पाण्यांत उतरणारा दगडी कांठ कसा टिकतो हें सांगावयास नको. नदीच्या पात्रांत दगड टाकण्यास मात्र पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. ती एकेकट्यानें न मागतां वळणावरच्या सर्व खातेदारांनीं मिळून मागावी. कारण एकानेंच आपला तुकडा बांधला तर धार सरकून शेजाऱ्याचा कांठ खाते, आणि मग भाऊबंदकींत आणखी एका वादाची भर पडते.

उभा कांठ उतरता करावा हें सर्वच सांगतात. एक फूट उंचीस दोन फूट रुंदी धरली तर तीस फुटी कांठास साठ फूट जमीन द्यावी लागेल, आणि ती देण्यास कोणीही तयार होणार नाहीं. म्हणून टप्पे पाडावे. इतकेंही न जमलें तर निदान कांठाच्या उंचीइतकी पट्टी नांगराविना सोडावी. कडेपर्यंत ऊस नेणाऱ्यास दोन सरी अधिक मिळतात खऱ्या. पण त्या सऱ्यांचें पाणी वर्षभर कांठांतच मुरतें.

या पट्टींत काय लावावें? माझी पहिली पसंती वाळ्यास आहे. त्याचीं मुळें आडवीं पसरत नाहींत, सरळ खालीं जातात. चांगल्या जमिनींत सात ते दहा फूट खोल पोंचतात. म्हैसूरकडील गुंडलुपेट भागांतले शेतकरी बांधावर वाळा लावीत आले आहेत, तो याच गुणामुळें. उताराला आडव्या ओळी धराव्या, ओळींत फुटवे चार ते सहा बोटांवर लावावे, म्हणजे दाट कुंपण होतें. एक सावधगिरी अशी कीं, अत्तरवाल्यांच्या मागणीस भुलून या ओळी खणूं नयेत. मूळ विकलें म्हणजे कांठ विकला. पाण्यालगत वाळुंज व निर्गुंडीच्या फांद्या खोंचाव्या. त्या रुजतात, पुरांत वांकतात व पुन्हा उभ्या राहतात. मधल्या जागेंत हरळी असूं द्यावी. शेतांत ती वैरी असली तरी येथें उपकारीच आहे. उंबर, करंज, जांभूळ हीं झाडें चांगलीं, पण तीं कडेवर नकोत. पायथा ढासळला कीं असें झाड आपल्या भारानें मोठा ढेकूळ घेऊनच पडतें. तीं पट्टीच्या आंतल्या अंगास लावावीं.

आपल्याच हातून कांठाचें जें नुकसान होतें त्याकडे आतां वळतों. उपसा योजनांच्या नळांसाठीं कांठ चिरून चर काढतात, व नळ बसला कीं माती सैल लोटून देतात. पहिल्या वळवानेंच त्या चराची घळ होते. माती थराथरानें ओलवून धुमसावी व वर हरळीचे ठोकळे बसवावे. शेताचें सांडपाणीही कडेवरून मोकळें पडूं न देतां नळांतून पायथ्यापर्यंत न्यावें. मळीची माती वीटभट्टीस देणाऱ्यांविषयीं अधिक लिहीत नाहीं. त्यांचा फायदा एका हंगामाचा असतो आणि खड्ड्यांतून पाणी आंत शिरतें तें साऱ्या शिवारांत.

मोठा पूर येऊन गेला कीं नदीस दोहों बाजूंनीं उंच बांध घालावा अशी मागणी होते. असे बांध पुष्कळ ठिकाणीं आहेत. पण त्यांसही पायथा असतोच. 18 ऑगस्ट 2008 रोजीं नेपाळांत कुसहा येथें कोसी नदीचा बांध फुटला व बिहारांत लक्षावधि लोक निराधार झाले. त्या दिवशीं नदींत पाणी बांधाच्या मापापेक्षां पुष्कळच कमी होतें. तें बांधावरून गेलें नाहीं. धारेनें बांध कडेनें खाल्ला. कांठ राखल्यानें पुराची उंची उतरेल असें मी म्हणत नाहीं. परंतु ढासळलेली माती पात्रांत साचते, धार दुसऱ्या कांठावर ढकलली जाते, आणि तुटलेल्या जागेंतून पाणी गांवठाणाकडे वाट काढतें, तें तरी टळेल.

पाहणी फाल्गुन-चैत्रांत, पाणी अगदीं खालीं असतांना करावी. कडेला समांतर भेग दिसली तर ती मातीनें बुजवून धुमसावी, म्हणजे पावसाचें पाणी तींतून पोटांत जाणार नाहीं. पायथ्याशीं पोकळी किंवा रेतीचा पाझर आढळल्यास ती जागा खुंटी मारून ठेवावी व दगडकाम तेथूनच धरावें. वाळ्याचे फुटवे खालच्या टप्प्यावर मृगांत लावूं नयेत, आषाढांतला पूर ते उपटून नेतो. पूर ओसरून वाफसा आल्यावर आश्विनांत लावून पहिला उन्हाळा त्यांस पाणी द्यावें.