लोड आणि खेप

आमच्या लोहगडवाडीत दिवसभरात सगळ्यात जास्त कानावर पडणारा इंग्रजी शब्द 'फोर्ट' नाही आणि 'ट्रेक'ही नाही. तो आहे 'लोड'. पायऱ्यांवर धापा टाकणाऱ्या मैत्रिणीला पोरं म्हणतात, "लोड घेऊ नको." टेम्पोवाला ओरडतो, "लोड उतरवून घ्या रे." पावसात रेंज गेली की ओट्यावर बसलेल्यांचे फोटो 'लोड' होत नाहीत. मी गेली बावीस वर्षं इथं येणाऱ्यांना गड दाखवतो, घरी पिठलं-भाकरी वाढतो आणि लोकांचं सामान वाहतो. त्यामुळे या शब्दाशी माझी ओळख डोक्यापेक्षा पाठीची जास्त. त्या ओळखीतून जे हाती लागलं ते लिहितोय. आकडे घातलेत, पण क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. नवा शब्द घरात घेताना जुना कोण बसलाय ते बघावं.

आमच्या आजीच्या लेखी लोड म्हणजे बैठकीवरचा लोड. सोयरीक जमवायला पाहुणे आले की गादी अंथरायची, भिंतीशी तक्के लावायचे, मानाच्या माणसाच्या पाठीशी लोड द्यायचा. कापूस ठासून भरलेला, पांढऱ्या अभ्र्याचा. एकदा मी फोनवर मित्राला म्हणालो, "अरे, लोड घेऊ नको रे." आजी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "घिऊ दे की त्याला. पाठीला बरं वाटतं."

मी फोन ठेवून हसत सुटलो. तिला शेवटपर्यंत कळलं नाही मी का हसलो, आणि मी समजावूनही सांगितलं नाही. टेकायचा तोही लोड, वाहायचा तोही लोड. एक आमच्या पाटलाच्या ओसरीवरचा, दुसरा इंग्रजाच्या देशातून आलेला. आमच्या वाडीत तो दुसरा आधी 'लोडशेडिंग' होऊन आला, मग 'ओव्हरलोड' आणि 'डाउनलोड' झाला, आणि आता मनावरचा ताण म्हणून मुक्कामालाच राहिलाय.

२. पाऊस कोसळायला लागला की ज्याला घाई नाही त्याच्या शेजारी बसावं.

जुलैचा महिना होता. गायमुख खिंडीतून धुकं असं आत घुसलं होतं की समोरचा विसापूर दिसेना. एक निवृत्त प्राध्यापक माझ्या ओट्यावर अडकले होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. मी त्यांची सॅक खाली ठेवली आणि म्हणालो, "सर, लोड बराच आहे." ते म्हणाले, "तुम्ही आत्ता काय बोललात ते ठाऊक आहे का? तुम्ही म्हणालात, वाट बरीच आहे."

मग दोन चहा होईपर्यंत त्यांनी सांगितलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'लाड' असा होता. (आपल्या लाडाकोडाशी संबंध नाही, हे त्यांनी लगेच बजावलं.) त्याचा अर्थ वाट, मार्ग, प्रवास. आणि प्रवास म्हणजे काहीतरी घेऊन जाणं आलंच, म्हणून 'वाहून नेणं' हाही अर्थ त्यातच होता. तेराव्या शतकापर्यंत वाहून न्यायच्या वस्तूलाच, म्हणजे ओझ्याला, हे नाव पडलं. वाटेचा अर्थ मागे हटत गेला. पुढे दोघांची स्पेलिंगंही वेगळी झाली, जशा एका घरातल्या भावांच्या चुली वेगळ्या होतात. ओझ्याचा 'लोड' जगभर फिरला. वाटेचा 'लोड' मोजक्या जोडशब्दांत उरला. ध्रुवताऱ्याला इंग्रजीत 'लोडस्टार' म्हणतात, ओझ्याचा तारा नव्हे, वाटेचा तारा. चुंबकी दगडाला 'लोडस्टोन', कारण खलाशाला तो दिशा दाखवायचा. खाणीतली धातूची शीरही 'लोड'च, तिच्या वाटेनं खणत जायचं. आणि जुन्या इंग्रजीत वाटाड्याला शब्द होता 'लाडमान'. वाट अधिक माणूस. आपल्या 'वाटाड्या'तही वाट आहेच.

'लीड' करणं, 'लीडर' हे शब्दही याच घरातले. मूळ धातूचा अर्थ 'जाणं', त्यावरून 'जायला लावणं', म्हणजे नेणं. आमच्याकडे गाड्यांचे ताफे घेऊन जे पुढारी येतात त्यांच्या हातात मी कधी स्वतःची पिशवी पाहिली नाही, पण शब्द मात्र ओझ्याचा सख्खा भाऊ आहे.

३. परक्या शब्दाचं कोडं कधीकधी आपल्याच हंड्या-कळशीत सुटतं.

सर गेल्यावर मला रात्रभर एकच गोष्ट खटकत होती. वाट आणि ओझं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. एकाच शब्दात त्या मावल्या कशा? सकाळी बायको म्हणाली, "पाण्याच्या दोन खेपा झाल्या, तिसरी तुम्ही करा." आणि मी हंडा हातात घेऊन उभाच राहिलो.

खेप! दोन खेपा म्हणजे दोन फेऱ्या. पण दोन खेपा म्हणजे दोन हंडे पाणीसुद्धा. व्यापारी म्हणतो, 'मालाची खेप आली', तेव्हा ती वस्तू असते. आपण म्हणतो, 'पुढच्या खेपेला याल तेव्हा', तेव्हा ती वेळ असते. संस्कृत 'क्षेप'वरून आलेल्या या शब्दात वाट, वजन आणि वारंवारता तिन्ही एकत्र नांदतात आणि आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही. 'हेल' तसाच. हेल म्हणजे एका वेळचं डोक्यावरचं ओझं, वाहणारा तो हेलकरी, आणि फुकट गेलेली फेरी म्हणजे हेलपाटा. तालुक्याच्या गावी एका कागदासाठी हेलपाटे घालतो तेव्हा डोक्यावर काहीच नसतं, तरी शब्दात ओझं आहेच.

आजी रानातून सरपणाची मोळी आणायची ते मला स्वच्छ आठवतं. लुगड्याच्या जुन्या धडप्याची चुंबळ वळून डोक्यावर, तिच्यावर मोळी. एक हात मोळीला, दुसऱ्या हातात विळा. रस्त्याची लांबी ती कधी कोसात किंवा मैलात सांगायची नाही. कमरेएवढ्या उंचीचे काही धोंडे होते वाटेत. त्यांवर कुणाच्या मदतीशिवाय मोळी टेकवता येते आणि पुन्हा डोक्यावर घेता येते. "दोन टेकण्यांवर हाय" म्हणायची. म्हणजे दोनदा ओझं टेकवावं लागेल इतक्या अंतरावर. ओझ्यानं वाट मोजणारी ही बाई आणि इंग्लंडातले ते 'लाड'वाले शेतकरी एकमेकांना भेटले असते तर दुभाष्याशिवाय समजले असते, असं मला आपलं वाटतं.

४. टाळ्या मिळाल्या म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही.

ही माझी चूक आहे, म्हणून मीच सांगतो. सरांकडून अर्धं ऐकल्यावर मी उरलेलं स्वतःच जुळवलं. गडावर येणाऱ्या मंडळींना सांगायला लागलो की 'लोड' हा आपल्या 'लादणे'वरून गेला. इंग्रजांनी बैलांवर माल लादताना ऐकला आणि उचलला. लोक खूश व्हायचे. एकानं व्हिडिओ काढला. एक पूर्ण पावसाळा मी हे विकलं.

पुढच्या वर्षी सर पुन्हा आले आणि महादरवाज्यापाशी नेमके माझ्या मागे उभे राहून ऐकत होते. मग बाजूला घेऊन म्हणाले, "इंग्रज हिंदुस्थानात यायच्या कितीतरी शतकं आधी हा शब्द त्यांच्या लिखाणात आहे. तुमच्या बैलाची त्यांना काय गरज?" यावर काय बोलणार? लादणे आणि लोड दिसतात जुळे, पण आई-बाप वेगळे. इंग्रजीतही तसंच आहे. नेण्याचा 'लीड' आणि शिसं या धातूचा 'लेड' यांचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर एक, पण नातं काही नाही.

खरे नातेवाईक ओळखू येत नाहीत, हीच गंमत. इंग्रजीत वाटेला 'वे' आणि वजनाला 'वेट'. माल भरायची ती 'वॅगन'. हे तिन्ही एका मुळाचे, आणि ते मूळ म्हणजे आपल्या 'वाहणे'मागचा संस्कृत 'वह्' धातू जिथून आला तेच. वाहन, प्रवाह, विवाह सगळे त्याच गोतातले. म्हणजे त्या भाषेत वाट आणि ओझं एकदा नाही, दोनदा एकत्र आलंय. कलकत्त्यात विल्यम जोन्सनं १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या असाव्यात असं मांडलं, त्यानंतर विद्वानांनी ही नाती नियम लावून शोधली. त्याच सुमाराला आमच्या गडावर नाना फडणीस बांधकामं करवून घेत होते.

५. 'ट्रेक'मध्ये माणूस चालतच नाही.

हेही सरांनीच सांगितलं. तो डच बोलणाऱ्या लोकांचा शब्द, दक्षिण आफ्रिकेतून इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ ओढणं. बैलांनी संसार भरलेली गाडी ओढत न्यायची तो ट्रेक. ओढायचं बैलांनी. आज भाजे लेणी मागे टाकून चढणीला लागलेल्यांकडे बघितलं की मला तो मूळ अर्थ पटतो.

६. आमचा मावळ आधीपासूनच ओझ्यांचा मुलूख आहे.

पाहुण्यांना वाटतं, गड म्हणजे तलवारी. मी त्यांना आधी खाली बघायला सांगतो. विंचूकाट्याच्या टोकावरून एका अंगाला पवनेचं पाणी दिसतं, तुंग आणि तिकोना दिसतात. दुसऱ्या अंगाला इंद्रायणीचं खोरं आणि बोरघाटाकडे जाणारी वाट. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून याच पट्ट्यातून देशावर जायचा. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी त्या वाटेच्या आजूबाजूलाच का, याचं उत्तर त्यात आहे. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेत, आणि तिथल्याच एका लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे. ही व्यापारी माणसं. ओझी वाहणाऱ्यांची नावं अर्थातच कुठं नाहीत. वाट राखायची आणि वाटेवरच्या मालावर जगायचं, हाच या डोंगरांचा धंदा. सुरतेची लूटही लोहगडावर आणून ठेवली होती म्हणतात.

१८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर आली. घाट इतका खडा की ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर चढायचं. अजूनही कर्जतला गाडीमागं जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. रात्री वारा योग्य असला की मळवलीकडून गाड्यांचा आवाज येतो, आणि मालगाडी असेल तर संपता संपत नाही.

७. 'हलकीच आहे' असं म्हणणाऱ्याची सॅक उघडून बघावी.

ऑगस्टमधला रविवार. एका घोळक्यातल्या मुलानं सॅक माझ्याकडे दिली. "दादा, लोड घेऊ नका, हलकीच आहे." नारायण दरवाज्याच्या पुढं पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, पाय सरकला, गुडघा दगडावर आपटला. सॅक तोल घेऊन मला मागे खेचत होती. वर जाऊन उघडली तर आत एक मोठा स्पीकर, पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि काचेच्या बरणीत कुणाच्या तरी आईनं दिलेलं लोणचं. बरणी शाबूत होती, गुडघा नव्हता. तीन आठवडे घरी बसलो. त्या मुलाचा राग नाही आला. त्याच्या भाषेत लोड म्हणजे काळजी, माझ्या भाषेत अठरा किलो.

तेव्हापासून मी सामान हातात घेऊन बघतो, मग हो म्हणतो.

८. शेवटची खेप कुणाची, हे आधी ठरवावं.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. त्यात लोहगड आहे. फार आनंद झाला. त्या पावसाळ्यात गर्दीही वाढली. आता पाण्याची भरलेली बाटली चढताना प्रत्येकजण स्वतः नेतो, कारण तहान स्वतःची असते. रिकामी झालेली बाटली मात्र तटाच्या फटीत, झुडपात, टाक्याच्या कडेला राहते. ती गोळा करून खाली आणायची खेप आमच्या वाडीतली माणसं करतात. गोणी भरते, वजन फार नसतं, पण फुगलेली गोणी वाऱ्यात माणसाला कड्याकडे ढकलते.

तेव्हा याल तेव्हा जरूर घरी चहाला या, शब्दांच्या आणखी गोष्टी सांगेन. फक्त वर नेलेली बाटली खाली घेऊन या.