दवाखान्याचे देणे आणि दारातला वसुलीवाला



आजारपण कोणाला विचारून येत नाही. हातात पैसा नसतो आणि घरातले माणूस अंथरुणाला खिळते. माणूस वाचवायचे म्हटल्यावर कोण हिशेब करीत बसतो? समोर येईल त्या कागदावर आपण सही करतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खरेच आहे.

खरी परीक्षा पुढे असते. वसुलीवाला दारात येतो. शेजारी ऐकतील या भीतीने माणसे तो मागेल ते कबूल करतात. कोणी दागिना मोडतो, कोणी जमीन लिहून देतो. म्हणून आज आपण असे देणे कसे तपासावे आणि तडजोड कशी करावी, ते पाहू. देणे बुडवायचे नाही. पण जेवढे खरे तेवढेच द्यायचे, आणि ज्याचे आहे त्यालाच द्यायचे.

एका घराची गोष्ट

समजा, एका शेतकऱ्याच्या पोटाचे ऑपरेशन झाले. बिल ९०,००० रुपये आले. ३०,००० घरातून आणि पाहुण्यांकडून जमले. ६०,००० एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढले. काही हप्ते भरले. मग सोयाबीन पाण्यात गेले आणि हप्ते थांबले.

एके दिवशी रात्री आठ वाजता मोटारसायकलवरून एक माणूस आला. म्हणाला, "ताई, ७१,००० झालेत. उद्या पैसे द्या, नाहीतर म्हैस सोडून नेतो."

बाई घाबरली. पण ती साक्षरता वर्गात शिकलेली होती. ती म्हणाली, "दादा, देणं आहे ते आम्ही नाकारत नाही. पण तुमचं ओळखपत्र दाखवा. कंपनीचं पत्र दाखवा. आणि ७१,००० कशाचे, तो हिशेब लिहून आणा."

त्या माणसाजवळ हिशेब नव्हता. तो निघून गेला. म्हैस दावणीलाच राहिली.

पहिले काम : कागद मागा

वसुलीवाला कोणाचा माणूस आहे, हे आधी विचारा. देणे दवाखान्याचे असेल, बँकेचे असेल, फायनान्स कंपनीचे असेल, नाहीतर सावकाराचे. प्रत्येकाचा कायदा निराळा. वसुलीवाल्याजवळ ओळखपत्र आणि कंपनीने दिलेले अधिकारपत्र पाहिजे. ते नसेल तर एक पैसाही देऊ नका.

मग लेखी हिशेब मागा. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे वेगवेगळे लिहिलेले पाहिजे. आपल्या गोष्टीतल्या बाईला असा हिशेब मिळाला :

मुद्दल बाकी ५२,०००
व्याज ९,०००
दंड ६,०००
भेटीचा खर्च ४,०००
एकूण ७१,०००

बाईने पत्र्याच्या पेटीतून पावत्या काढल्या आणि एकेक ताडून पाहिली. ४,००० च्या एका हप्त्याची पावती तिच्याजवळ होती, पण हिशेबात तो हप्ता धरलेला नव्हता. 'भेटीचा खर्च' कर्जाच्या करारात कोठेच नव्हता. म्हणजे ८,००० तेथेच कमी झाले. राहिले ६३,०००. दंडावर पुन्हा व्याज लावायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. तेही तपासा.

देणे थेट दवाखान्याचे असेल तर तपशीलवार बिल मागा. खाट, औषधे, तपासण्या, डॉक्टरांची फी, हे सारे वेगळे लिहून घ्या. एकच तपासणी दोनदा लावली आहे काय? परत केलेली औषधे वजा झाली काय? हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बिल राहिले म्हणून दवाखान्याला रोग्याला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. बाकी पैशाची वसुली त्याने कायद्याच्या मार्गाने करावी.

दुसरे काम : वसुलीवाल्याची हद्द ओळखा

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बजावले, की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण दिलेल्या लहान कर्जासाठी वेळ आणखी कमी आहे : सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवीगाळ करणे, धमकी देणे, चारचौघांत अब्रू घेणे, नातेवाइकांना त्रास देणे, हे सारे मना आहे. कोणी मारायची धमकी दिली तर ११२ वर पोलिसांना फोन करा.

वसुलीवाल्याला तुमच्या घरातली वस्तू उचलून नेता येत नाही. जप्तीचा हुकूम कोर्ट देते. कोर्टाच्या जप्तीतूनही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे सुटतात. ज्या गुराढोरांवाचून शेतकऱ्याचे पोट चालणार नाही असे कोर्टाला वाटेल, तीही सुटतात.

पैसे नाहीत एवढ्यावरून पोलीस कोणाला धरून नेत नाहीत. पण दोन गोष्टी सांभाळा. कोरा चेक सही करून देऊ नका. चेक वटला नाही तर तो गुन्हा होऊ शकतो. आणि कोर्टाचा कागद आला तर तो घडी करून ठेवू नका. त्या तारखेला हजर राहा.

कर्ज काढणारा वारला तर? वारसांनी त्याच्याकडून जेवढी मालमत्ता घेतली, तेवढ्यापुरतेच त्यांच्यावर देणे येते. मात्र जामीन म्हणून सही केली असेल तर तो माणूस स्वतः बांधला जातो.

तिसरे काम : आधी घरचा हिशेब, मग तडजोड

तडजोडीला बसण्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसावे. वर्षाची मिळकत लिहावी. खाणे, बियाणे, मुलांची शाळा, औषधपाणी वजा करावे. उरेल तेवढेच कबूल करावे. एक देणे फेडायला दुसरे जास्त व्याजाचे कर्ज काढू नये.

आपल्या बाईने तसेच केले. भावाकडून आणि दोन शेळ्या विकून २८,००० उभे राहणार होते. दिवाळीला सोयाबीन आले की आणखी २०,००० जमतील, असा अंदाज होता. ती गावातल्या एका जाणत्या माणसाला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेली. ऑपरेशनचे कागद आणि नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत सोबत नेली. तिने ४०,००० पासून बोलणे सुरू केले. कंपनी ५५,००० वर अडली. शेवटी ४८,००० वर जमले : २८,००० आता, २०,००० दिवाळीनंतर. कंपनीला सूट द्यावीच लागते असे नाही. पण बुडण्यापेक्षा थोडे कमी बरे, असा हिशेब तीही करते.

चौथे काम : लेखी घ्या, मगच पैसे द्या

तडजोड तोंडी झाली की निम्मेच काम झाले. आधी कंपनीच्या शिक्क्याचे पत्र घ्या. त्यात खातेनंबर, ठरलेली रक्कम, भरायच्या तारखा आणि 'बाकी रक्कम माफ' हे शब्द पाहिजेत. पैसे कंपनीच्या खात्यात भरा. वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या फोनवर देऊ नका. पावती घ्या. शेवटचा हप्ता गेला की 'काही येणे बाकी नाही' असा दाखला घ्या. दिलेले चेक आणि मूळ कागद परत मागा.

एक तोटाही सांगून ठेवतो. तडजोडीने फेडलेल्या कर्जाची नोंद पूर्ण फेडलेल्या कर्जापेक्षा वेगळी होते. पुढे कर्ज मागताना ती आडवी येते. ऐपत असेल तर पूर्ण फेडलेले बरे.

कंपनीने ऐकले नाही तर असा अर्ज द्या :

"मा. शाखाधिकारी साहेब यांस,
माझा कर्ज खातेनंबर ........ आहे. मला मुद्दल, व्याज आणि दंड यांचा वेगवेगळा लेखी हिशेब मिळावा. आपला वसुली करणारा माणूस ता. ........ रोजी रात्री घरी येऊन धमकी देऊन गेला. त्याची चौकशी व्हावी. मी देणे नाकारत नाही. तडजोडीसाठी मला बोलवावे.
आपली,
(सही)"

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

दवाखान्याशी किंवा कंपनीशी वाद मिटत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. फोन नंबर १५१०० आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तेथे फुकट वकील मिळतो. खटला होण्याआधीही वाद लोकअदालतीत नेता येतो. तेथे फी नाही. पण तेथला निवाडा कोर्टाच्या निकालासारखा असतो, त्यावर अपील नसते. म्हणून समजून-उमजून सही करा.

पैसे सावकाराचे असतील तर त्याचा परवाना पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत करावी.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट. रोगी दाखल करतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. नंबर १५५३८८. धर्मादाय इस्पितळांत १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात राखलेल्या असतात. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवा.

मंडळी, अक्षरओळखीचा उपयोग पोथी वाचायला आहे, तसाच पावती वाचायलाही आहे. त्या बाईने पेटीतल्या पावत्या जपल्या नसत्या तर तिचे ४,००० गेलेच होते.

ध्यानात ठेवा
१. ओळखपत्र आणि हिशेब पाहिल्याशिवाय पैसे देऊ नये.
२. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नये.
३. झेपेल तेवढेच कबूल करावे.
४. तडजोड लेखी घ्यावी, पैसे खात्यात भरावे.

प्रश्न
१. ७१,००० चे ६३,००० कसे झाले? बेरीज-वजाबाकी करून दाखवा.
२. वसुलीवाल्याला म्हैस का नेता आली नाही?
३. वरचा अर्ज तुमच्या नावाने वहीत लिहून काढा.
४. घरातल्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. एका पिशवीत घालून ती कोरड्या जागी ठेवा.